निळा टाका

गिऱ्हाईक काय सांगतं यावर ताईचा विश्वास नसे, कपडा काय सांगतो यावर असे.

"ताई, एवढा चहाचा डाग जाईल ना?" असं म्हणत कुणी शर्ट काउंटरवर टाकला की ती तो उजेडाकडे धरायची, डागाच्या कडेवरून नख फिरवायची, नाकाशी न्यायची आणि "बघू" म्हणायची. चहाच्या डागाला संत्र्याच्या सरबताचा आणि स्वस्त रमचा वास येत नाही, हे तिला कळत असे. पण गिऱ्हाइकाला तोंडावर खोटं पाडायचं नाही, हा सासऱ्यांनी घालून दिलेला नियम. त्याची कसर ती घरी, जेवणाच्या टेबलावर भरून काढायची.

लाँड्री सासऱ्यांची. ताईची पदवी रसायनशास्त्राची. प्रयोगशाळेत नोकरी करायची म्हणून घेतलेली, आणि लग्नानंतर कळलं की प्रयोगशाळा दुकानाच्या मागच्याच खोलीत आहे. नवरा वाफेची इस्त्री सांभाळायचा आणि ती डाग. घाम, शाई, रक्त, अंडं, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. कुणाला व्हिनेगर चालतं, कुणाला नुसतं थंड पाणी. गरम पाण्याने मात्र बरेचसे डाग कायमचे बसतात, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला बजावून सांगायची आणि कुणी ऐकायचं नाही.

घरचे आणि गिऱ्हाइकांचे कपडे एकाच यंत्रात फिरायचे, एकाच दोरीवर वाळायचे. अदलाबदल होऊ नये म्हणून या घरात सासूपासून चालत आलेली एक रीत होती. घरच्या प्रत्येक कपड्याला, खालच्या दुमडीच्या आत, निळ्या दोऱ्याचा एक टाका. नवऱ्याच्या पायजम्याला, उशीच्या अभ्र्याला, लेकाच्या पहिल्या झबल्यालासुद्धा. गिऱ्हाइकाच्या कपड्याला चिठ्ठी, घरच्याला टाका. चिठ्ठी कपड्याबरोबर परत जाते, टाका घरात राहतो.

लेकाला सगळे बटण म्हणायचे. रांगायच्या वयात दुकानात पडलेलं कोटाचं बटण त्याने गिळलं होतं आणि सगळ्यांना दवाखान्यात पळवलं होतं. बटण आता कॉलेजात होता. गाडी चालवायचा परवाना खिशात होता. दारू विकत घ्यायला कायद्याने जे वय लागतं, ते व्हायला मात्र अजून काही महिने होते. कायद्याने आधी चाक हातात दिलं होतं, पेला नंतर द्यायचा होता.

दुकानासमोरच्या रस्त्याला विद्यार्थ्यांच्या खोल्या होत्या. सोमवारी सकाळी तिथून गाठोडी यायची, आणि सोमवारी जेवताना ताईला चेव यायचा.

"आज एक जीन्स आली. दोन्ही गुडघ्यांवर गवताचा हिरवा डाग, आणि मांडीवर जे काही होतं ते जेवताना सांगत नाही. म्हणजे स्वारी मैदानात गुडघे टेकून ओकली." मग ती उठून, पोटाला हात लावून, गुडघे टेकून ओकणारा पोरगा करून दाखवायची. "आणि याची आई? ती शेजारणीला सांगत असेल, आमचा ना, ग्रंथालयात बसलाय हो अभ्यासाला!" हे ती नाकात, लाडीक आवाजात म्हणायची. नवरा पाणी पिता पिता ठसकायचा.

"आमच्या बटणाची गोष्ट वेगळी," ती शेवटी म्हणायची. "त्याने काय खाल्लं, काय प्याला, ते तो दारात यायच्या आधी त्याची बाही मला सांगेल."

पूर्वी बटणही हसायचा. अलीकडे तो ताटात बघून जेवायचा. ताईला वाटायचं, मोठा झाला, आईचे विनोद आता त्याला जुने वाटत असणार. त्याचे कपडे मात्र कसे, अगदी स्वच्छ. शनिवारी मित्रांकडे जाऊन आला तरी स्वच्छ. याचाही तिला अभिमान होता.

ताईच्या सुखात खडा होता तो एकच. तिची धाकटी बहीण.

धाकटी गाडी शिकवायची. तिच्या गाडीच्या टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या बाजूलाही पायाशी एक जादा ब्रेक. लग्न केलं नाही, एकटी राहायची, केस कानापर्यंत कापलेले. लहानपणी पाहुणे आले की ताई पाढे म्हणून दाखवायची आणि धाकटी पाहुण्यांच्या चालण्याची नक्कल करायची. कौतुक पाढ्यांचं व्हायचं, मांडीवर धाकटीला घ्यायचे. ताई नक्कल करायला शिकली ती पुढे, स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर. तिथे तरी पहिला नंबर आपला.

पण बटण गाडी शिकला तो मावशीकडे, आणि तेव्हापासून त्याचं सगळं "माऊ म्हणते, माऊला विचारतो, माऊकडे जातो." माऊच्या घरी म्हणे सोफ्यावर पाय घेऊन बसता येतं. माऊ म्हणे प्रश्न विचारत नाही. ताई मनात म्हणायची, न विचारायला काय जातंय? पोटात वागवायला मी, रात्री जागायला मी, आणि ही आयत्या बिळावर नागोबा! माय मरो पण मावशी जगो, ही म्हण ज्या बाईने काढली ती नक्की कुणाची तरी धाकटी बहीण असणार.

एका सोमवारी धाकटीचं गाठोडं आलं. नेहमीचंच. नवरा गाडी घेऊन घरोघरी जायचा तेव्हा तिच्याकडूनही आणायचा. ताईने एकेक नग बाहेर काढला. चादर. पॅंट. तिचं ते मिरवायचं करडं जाकीट. आणि खाली, घडी घालून ठेवलेला, पुरुषी शर्ट.

अरे वा, असं ताईला आधी वाटलं. कुणीतरी भेटलाय वाटतं बाईसाहेबांना! तिने सवयीने शर्ट उलटा केला, चिठ्ठी लावायला खालची दुमड उघडली आणि तिचा हात थांबला.

आत निळा टाका होता.

तिने शर्ट उजेडाकडे धरला. वरून दुसरं बटण तिनेच लावलेलं, खालून दोऱ्याचे वेढे देऊन, तिच्याच पद्धतीने. छातीवर मोठा पिवळट डाग. संत्र्याचं सरबत, रम, पोटातलं आंबट. कुणीतरी तो काढायची शर्थ केली होती. अंगाचा साबण घासला होता, कापड विरेपर्यंत चोळलं होतं, आणि गरम पाणी ओतलं होतं. डाग आता काही केल्या निघणार नव्हता. कॉलरीला धाकटीच्या हाताला लावायच्या क्रीमचा वास होता.

आपलं पोरगं पितं, शर्ट भिजेपर्यंत पितं, हे कळल्यावर आईला आधी काय वाटायला हवं? भीती वाटायला हवी. ताईला ती वाटली, पण नंतर. पहिली जी कळ आली ती त्या वासाची होती. माझ्या पोराची ओकारी तिने धुतली. तिच्या हातांनी. त्याचं डोकं धरलं असेल, पाठीवरून हात फिरवला असेल, आणि मी इथे परक्या पोरांच्या जीन्स हुंगत बसलेय.

"अहो," तिने हाक मारली. "हा शर्ट तिने तुमच्या हातात दिला?"

नवऱ्याने वाफ बंद केली, शर्ट पाहिला, टाका पाहिला आणि खुर्चीवर बसला. "गाठोडं बांधलेलंच होतं. म्हणाली, ताईला सांगा नीट बघून घे."

"नीट बघून घे म्हणाली?"

"अगं, तसं सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणतात, तिने मुद्दाम म्हटलं. दाखवतेय मला! बघ, तुझं पोरगं कुणाकडे येतं ते बघ!"

"पोरगं पितंय त्याचं काय ते बोल आधी," नवरा हळूच म्हणाला.

"ते त्याच्याशी बोलीन. हिच्याशी आधी बोलते." आणि शर्ट पिशवीत कोंबून ती निघालीसुद्धा.

धाकटीची गाडी मैदानाशेजारच्या रस्त्यावर गोगलगायीच्या चालीने चालली होती. चाकावर निवृत्तीनंतर गाडी शिकायला निघालेले एक गृहस्थ होते. टोपी घातलेले, दोन्ही हातांनी चाक असं धरलेलं की जणू कुणी पळवून नेईल. ताईने रस्त्यात उभं राहून हात केला, मागचं दार उघडलं आणि आत बसली.

"ताई? अगं, वर्ग चालू आहे माझा."

"चालू दे. मला काही घाई नाही."

"आजोबा, चला. पहिला गिअर. सावकाश."

गाडी एक उडी मारून निघाली. ताईने पिशवीतून शर्ट काढला आणि दोन सीटच्या मधून पुढे केला. "हा काय प्रकार आहे?"

धाकटीने मान वळवली नाही. "मिळाला का. बरं झालं."

"बरं झालं? किती दिवस चाललंय हे?"

"बाई, डावीकडे वळू का?" गृहस्थांनी विचारलं.

"सरळ, आजोबा, सरळ. ताई, बराच काळ. शनिवारी येतो. त्याचे मित्र नाहीत, हा एकटाच. नदीच्या बाजूला कुणाची तरी रिकामी खोली आहे, तिथे सगळे पितात. मग नशा उतरेपर्यंत हा माझ्याकडे झोपतो."

"आणि तू झोपू देतेस! वय तरी झालंय का त्याचं? कायदा म्हणून काही आहे का नाही? तू स्वतः पोरांना सिग्नल शिकवतेस!"

"कायदा आहे म्हणून लपून पितात, आणि लपून पितात म्हणून घाईत पितात. कुणी यायच्या आत बाटली संपवायची, उभ्या उभ्या, एका दमात. मोठी माणसं बसून पितात, ही पोरं शर्यत लावल्यासारखी पितात."

"कायदा नसता तर तुझ्या सोफ्यावर बसून प्याली असती, एवढाच फरक! आणि यांना विकतं तरी कोण?"

"त्यांच्यातला एक दाढीवाला आहे. दाढी लवकर आलीये त्याला. दुकानदार ओळखपत्र मागतच नाही, दाढी बघतो आणि देतो."

"माझ्या नातवालाही दाढी आहे," गृहस्थ चिंतेने म्हणाले आणि रस्त्याकडे न बघता आरशातून ताईकडे बघायला लागले. गाडी कडेच्या खांबाकडे सरकली. धाकटीचा पाय खाली गेला, गाडी जागच्या जागी थांबली आणि शर्ट जाऊन गृहस्थांच्या टोपीवर पडला.

"आजोबा, आजच्यापुरतं पुरे," धाकटी म्हणाली.

गृहस्थांनी शर्ट अदबीने घडी करून ताईला परत दिला. "मी आपला चालत जातो," म्हणाले. "तुमचं काय ते मिटू दे."

ते दूर गेल्यावर ताई पुन्हा पेटली. "एवढं सगळं मला एका शब्दाने कळवलं नाहीस, आणि आता शर्ट धाडतेस? टेंभा मिरवतेस? तुझा मुलगा आता माझा झाला, असंच ना?"

"मिरवत नाही गं," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात आता गंमत नव्हती. "परवा शनिवारी आला तो भर दुपारी. न्हाणीघरात फरशीवर पडला. मी हाक मारली, ओ दिली नाही. चिमटा काढला, हलला नाही. घोरतोय की गुदमरतोय तेही कळेना. कुशीवर वळवला, तोंड खाली केलं, तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं. उताणा असता ना, ताई, तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. आणि सारखा हा उजवा पाय दाबत होते. जमिनीवर. सवय! मला वाटायचं, माझ्याकडे आला की ब्रेक माझ्या पायाखाली आहे. काही नाहीये पायाखाली."

"मला फोन का नाही केलास?"

"वचन दिलं होतं. आईला सांगितलंस तर परत येणार नाही म्हणाला. मग कुठे गेला असता? त्या खोलीतच पडला असता. म्हणून सांगितलं नाही, शर्ट पाठवला. तुला टाका दिसल्याशिवाय राहणार नाही हे मला माहीत होतं."

हे ऐकून ताईला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. डाग वाचणं ही तिची कला, आणि तीसुद्धा हिने वापरली.

"माझ्याकडे का नाही आला?" तिने विचारलं.

"त्याला विचार."

"तुला विचारतेय."

धाकटीने हात लांबवून गाडीची चावी काढून घेतली. "तो म्हणाला, आई जेवताना सांगेल. ती गवताच्या डागांची जीन्स होती ना, तू गुडघे टेकून दाखवलंस ती? ती त्या दाढीवाल्याची होती. हा समोर बसून जेवत होता. म्हणाला, माऊ, आई त्याच्या आईचा आवाजसुद्धा काढते."

मैदानात पोरं चेंडू खेळत होती. ताईने शर्ट पिशवीत ठेवला. बाहेर पडताना ती म्हणाली, "तुला काय गं, न विचारता मांडीवर घ्यायला. दुरून डोंगर साजरे."

"दुरूनच तर बघतेय इतकी वर्षं," धाकटी म्हणाली. "तुझ्या घरच्या पायपुसण्यालासुद्धा निळा टाका आहे. माझ्या कपड्यांना चिठ्ठी लागते. कधी बघितलंस?"

ताईने दार जरा जोरातच लावलं.

त्या दिवशी जेवताना ती काही बोलली नाही. नवऱ्याने सवयीने विचारलं, "आज काही विशेष आलं का?"

"कपडे आले," ताई म्हणाली.

बटणाने ताटातून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. खोलीत गेल्यावर त्याला इस्त्री केलेला शर्ट पलंगावर सापडला. डाग तसाच होता. ताई दारात उभी होती.

"निघाला नाही," ती म्हणाली. "गरम पाणी लागलं त्याला."

"माऊने सांगितलं?"

"शर्टाने सांगितलं."

"मग ओरड ना. वाट कसली बघतेस? आणि तसंही अजून थोडे महिने, मग कायद्याने चालेल. त्या दिवशी माझं लिव्हर काय परीक्षा पास होणार आहे का?"

"लिव्हरला तुझी जन्मतारीख माहीत नसते रे," ताई म्हणाली, आणि मग ओरडलीच. जे जे आई ओरडते ते सगळं ओरडली. तो भिंतीकडे बघून ऐकत राहिला. शेवटी तिचा श्वास संपला, तेव्हा जे बोलायला ती दारात उभी राहिली होती ते तिने सगळ्यात हळू आवाजात सांगितलं. "पुन्हा असं झालं तर मला फोन कर. मी जेवताना सांगणार नाही."

"बरं," तो म्हणाला. पोरं 'बरं' म्हणतात तसं. त्यात होकार किती आणि विषय संपवणं किती, ते तिला कळलं नाही. बाही वाचता येते, 'बरं' वाचता येत नाही.

नंतरच्या सोमवारी धाकटीचं गाठोडं पुन्हा आलं. ताईने करडं जाकीट हातात घेतलं. निळ्या दोऱ्याची सुई टाचण्यांच्या उशीला टोचलेलीच होती. तिने जाकिटाची खालची दुमड उघडली, थोडा वेळ धरून ठेवली, आणि चिठ्ठी लावून टाकली. शनिवारी बटण कुठे होता हे तिला अजून माहीत नव्हतं. विचारायला धाकटीकडे जाणार नव्हती.

परीक्षा संपल्या त्या दिवशी भर दुपारी दुकानात ताईचा मोबाईल वाजला. ताई कुणाच्या तरी पडद्यावरची शाई काढत होती. ओल्या हाताने तिने फोन उचलला.

"आई."

त्या एका शब्दावरून तिला कळलं.

"काय झालं? कुठे आहेस?"

"मी बरा आहे. जास्त नाही प्यालो मी. आई, दाढीवाला उठत नाहीये. आम्ही पाणी मारलं तोंडावर, हलवलं. तो नुसता... काहीतरी विचित्र आवाज येतोय."

"रुग्णवाहिका बोलावली?"

"हे नको म्हणतात. पोलीस येतील. आमच्यातल्या कुणाचंच वय..."

"वय गेलं खड्ड्यात! पत्ता सांग." तिने पत्ता मोठ्याने उच्चारला, आणि नवऱ्याने पलीकडे स्वतःच्या फोनवरून रुग्णवाहिका बोलावली. "आता ऐक. त्याला कुशीवर वळव. तोंड खाली, वरचा गुडघा दुमड म्हणजे परत उताणा होणार नाही. वळवलास? एकट्याला सोडून कुणी हलायचं नाही. फोन ठेवू नको."

नवऱ्याने गाडी काढली. मागे टांगलेले लोकांचे कोट प्रत्येक वळणावर एकदम एका बाजूला झुकत होते. ताई फोन कानाला लावून बसली होती. पलीकडे पोरांची कुजबुज, कुणाचं तरी रडणं, आणि बटणाचा आवाज, "श्वास चालू आहे, आई, चालू आहे."

आणि अशा वेळी, स्वतःची लाज वाटत असतानाही, तिच्या तोंडून गेलंच, "मावशीला केला होतास फोन?"

"हो. आधी तिलाच केला. लागला नाही. वर्ग असेल."

"असू दे," ताई म्हणाली. कळ आली, जिथे यायची तिथेच. पण फोन तिच्या कानाशी होता, धाकटीच्या नाही.

ते पोचले तेव्हा रुग्णवाहिका आधीच आलेली होती. बटणाने मित्राला कुशीवर धरून ठेवलं होतं, दोन्ही हातांनी, घट्ट. ते हात सोडवायला रुग्णवाहिकेतल्या माणसाला जोर करावा लागला.

रुग्णालयात डॉक्टरीण बाहेर आली आणि म्हणाली, धोका टळला, पण रात्रभर इथेच ठेवू. कुशीवर ठेवलं होतं ते बरं केलंत. मग तिने एक प्लॅस्टिकची पिशवी ताईच्या हातात दिली. दाढीवाल्याचा शर्ट. बटण भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. ताई त्याच्या शेजारी बसली. त्याने डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं नाही, पण खांदा खांद्याला लागू दिला. तेवढ्याने ती हलायचीही थांबली.

जरा वेळाने बटणाला झोप लागली. हातांना काम हवं म्हणून ताई कोपऱ्यातल्या बेसिनशी गेली आणि पिशवीतला शर्ट काढून नळाखाली धरला.

तेव्हा जिन्यावरून एक बाई धावत आली. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकत होतं, एका हातात चष्मा. ती परिचारिकेशी बोलली, काचेतून आत बघितलं, कपाळ काचेला टेकवून थोडी उभी राहिली. मग वळली, आणि तिला बेसिनपाशी आपल्या मुलाचा शर्ट दिसला.

"तुम्ही कोण?"

"मी त्याच्या मित्राची आई. हा काय, तो झोपलाय तिथे."

"पण... तो ग्रंथालयात होता," बाई म्हणाली. "पुस्तकं परत करायला जातो म्हणाला. ग्रंथालयात..." तिचा आवाज नाकातला नव्हता. लाडीक तर मुळीच नव्हता. ताईने इतके दिवस काढलेला आवाज कुणाचाच नव्हता.

"तुम्हाला कसं कळलं?" बाईने विचारलं.

"माझ्या मुलाने फोन केला मला." हे सांगताना ताईला आपल्या आवाजातला ताठा ऐकू आला. पहिला फोन दुसरीला होता, हे तिने सांगितलं नाही.

"तुम्हाला केला," बाई म्हणाली. "माझा नंबर आहे त्याच्याकडे. सगळ्यांकडे आहे. मला का नाही केला?"

आभार मानायला हवे होते, हे त्या बाईला कळत होतं. ओठ त्यासाठी हलतही होते. पण डोळे ताईच्या हातांवर होते, शर्टाच्या छातीवर बोटं फिरवणाऱ्या त्या परक्या हातांवर. ते बघणं ताईने लगेच ओळखलं. ते वाचायला उजेडाकडे धरावं लागलं नाही. तिने स्वतः अगदी अस्संच बघितलं होतं, काउंटरवरच्या एका शर्टाकडे.

"द्या इकडे," बाई म्हणाली, आणि शर्टाची बाही धरली. "मी धुते."

ताईच्या हातात डाग अर्ध्याहून जास्त निघाला होता. अजून थोडंसं चोळलं असतं तर पुरता निघाला असता. या बाईला जमेलच असं नव्हतं. बोटं सोडायला तयार नव्हती.

"थंड पाण्याने धुवा," ती म्हणाली. "गरम लावू नका, बसेल."

आणि तिने शर्ट सोडला.